उजवा कान

केंजळे गेले.
टेम्पो दुपारी आला, चारपर्यंत घर मोकळं.
खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवलेली,
ओटा घासलेला,
लाइट बिलाची पावती खिडकीत,
उडू नये म्हणून वर एक वाटी.
वाटी त्यांचीच. मी कळवलं नाही अजून.

तीन वर्षं भाडं एक तारखेला,
तेही मी दाढी करत असताना.
फोन गुरगुरायचा आणि बायको आतून म्हणायची, केंजळे.
डिपॉझिट मोजून हातात दिलं
तर त्यातले दोनशे त्याने परत केले,
मोरीचा नळ त्याच्या हातून तुटला होता म्हणे.
अशा माणसांना कोणी जाऊ देतं?

ती रात्रपाळीची नर्स.
सकाळी आठला घरी यायची, पडदे ओढून झोपायची,
म्हणजे झोपायला बघायची.
वर बाबरांचा मुलगा.
लोखंड उचलतो आणि टाकतो.
रात्री स्पीकर, दीड वाजता कोणाचा तरी वाढदिवस,
एकदा गॅलरीत वाळत घातलेल्या पांढऱ्या युनिफॉर्मवर
वरून पानाची पिंक.

पहिला फोन आला तेव्हा मी म्हणालो, बोलतो.
दुसऱ्याला म्हणालो, बघतो.
तिसऱ्याला, थोडं जुळवून घ्यावं लागतं हो सगळीकडेच.
चौथा फोन आला नाही.
मला वाटलं, मिटलं.

सोसायटीच्या सभेत विषय निघाला
तेव्हा बाबर माझ्याच शेजारी बसले होते.
त्यांनी वेफर्सची पुडी पुढे केली.
मी खाल्ले.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
एकतीस वर्षं प्रेसवर काढली,
डावा कान तिथेच राहिला.
फंडाच्या पैशातून धायरीत हे घर घेतलं,
भाड्यावर म्हातारपण निघेल म्हणून.
कानाचे वेगळे पैसे मिळाले नाहीत.

बायको म्हणाली, एक रात्र झोपून तर बघा तिथे.
सतरंजी नेली, तांब्या नेला,
उजव्या कुशीवर पडलो.
काही नाही. अगदी शांत.
म्हटलं, आजकालच्या पोरांना सोसतच नाही काही.
मग खांदा अवघडला
आणि मी कूस बदलली.

आधी एक गोटी,
घरंगळत भिंतीपर्यंत गेली.
मग खुर्ची.
मग लोखंड, त्यासरशी पंख्याची दांडी थरथरली.
मग गाणं, गाणं कसलं, गाण्याचा नुसता तळ,
पोटात वाजणारा.
दोनला बाबरबाई ओरडल्या, मुलगा ओरडला,
दार आपटलं,
आणि त्यानंतर कोणीतरी बराच वेळ नळ सोडून ठेवला,
रडू झाकायला सोडतात तसा.
मी छताकडे बघत राहिलो.
कोणावर चिडायचं तेच कळेना.

दिवा लावला.
भिंतीवर, उशीच्या उंचीला, पेन्सिलच्या खुणा.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
एवढं सगळं पुसलं त्यांनी,
हे पुसायचं राहिलं
की ठेवलं?
एकशे अडतीसपर्यंत मोजलं,
तोवर दूधवाला आला.

बाबरांकडे गेलो नाही.
जिन्यात भेटले, म्हणाले, काय, आज इकडे?
म्हटलं, नळ बघायला आलो होतो.

आता घर दाखवतो ते मंगळवारी, अकरा वाजता.
तेव्हा वर कोणी नसतं.
परवा एक जोडपं आलं.
त्याने सगळे नळ सोडून बघितले,
पाणी किती वेळ येतं ते विचारलं.
तिने भिंतीवर हात ठेवला,
बरोबर जिथे मी रविवारी रंग मारला होता तिथे.
"शेजार कसा आहे, काका?"

ती माझ्या उजवीकडे उभी होती.
शब्द न् शब्द ऐकू आला.

"काय म्हणालात?" मी म्हणालो,
आणि डावा कान पुढे केला.